खारपट्टीचा कौल

२१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत एक आगळे मतदान झाले. त्यात उमेदवार नव्हते आणि पक्षांची चिन्हेही नव्हती. सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याने एवढेच सांगायचे होते, की महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘सेझ’साठी, आपली जमीन द्यायची की नाही. भूसंपादनाआधी सरकारने जमीनमालकांचा असा कौल घ्यावा, ही देशातली पहिलीच घटना म्हणून तिचा गाजावाजा झाला. पण हा कौल एका दिवसात तयार झाला नव्हता. पेणच्या पश्चिमेकडची जमीन कशी घडली आणि कोणी राखली, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

धरमतरच्या खाडीलगतचा पेणचा पट्टा म्हणजे खारपट्टी. वाशी, वढाव, शिर्की, दादर, रावे ही तिथली गावे. रोह्याकडे कुंडलिकेच्या खाडीकाठीही अशीच जमीन आहे. मुळात हा सगळा तिवरांचा चिखल, भरतीला पाण्याखाली जाणारा. माणसांनी खाडीच्या कडेने मातीचे बांध घालून समुद्राला बाहेर थोपवले आणि आतली जमीन भाताला आणली. पहिले दोन-तीन पावसाळे नुसते मीठ धुऊन काढण्यात जातात, मग कुठे पीक धरते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात त्यासाठी शिलोत्री नावाची पद्धतच होती: बांध घालून जमीन बाहेर काढणाऱ्याने तो बांध राखायचा आणि त्या बदल्यात कुळांकडून भाताचा वाटा घ्यायचा.

या शेतीचा जीव उघाडीत असतो. उघाडी म्हणजे बांधातली झडपेची मोरी. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने झडप बाहेरच्या बाजूला उघडते आणि पाणी खाडीत जाते. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच रेट्याने ती मिटते. झडपेत ओंडका अडकला किंवा फळी कुजली, तर एका भरतीत खारे पाणी थेट शेतात येते. त्याहून वाईट म्हणजे उधाणाला बांध फुटून खांड पडणे. खांड बांधायला मिळतो तो दोन भरत्यांमधला वेळ, तेवढ्या तासांत गावच्या गाव चिखलात उतरते. आज एकाची खांड राहिली, तर उद्या शेजारच्या दहा जणांची शेती खारी होते, आणि खारावलेल्या जमिनीला पुन्हा गोडी यायला पुन्हा दोन-तीन वर्षे. सातबारा वेगवेगळ्या नावांचे असले, तरी बांध सगळ्यांचा एकच असतो. खारपट्टीच्या राजकारणाचे मूळ या गोष्टीत आहे, आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक योजनेने नेमके तेच नजरेआड केले.

स्वातंत्र्यापूर्वी या जमिनीवर खोतांचा अंमल होता. कसणारा कूळ, मालक खोत. भाताचा मोठा वाटा खोताकडे, शिवाय वेठबिगार. या जाचाविरुद्ध शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नेते होते नारायण नागू पाटील. पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचे नाकारले आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. डोंगरातली लाकडे आणि करवंदे विकून लोकांनी ती वर्षे काढली, पण नांगर धरला नाही. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी नारायण नागूंनी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केले. रायगडच्या शेतकऱ्याला आपल्या प्रश्नांवरची राजकीय चर्चा आपल्याच जिल्ह्याच्या पत्रात, आपल्याच भाषेत वाचायला मिळू लागली. १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ मध्ये खोती कायद्याने संपली आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारा कूळ जमिनीचा मालक ठरला. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) १९४७ साली उभा राहिला, तो या जिल्ह्यात दीर्घकाळ टिकला त्याचे कारणही या लढ्यात आहे. पेणच्या पुष्कळ घरांत सातबाऱ्यावरचे नाव हे आजोबांनी लढून मिळवलेले नाव आहे.

मग आली ती संपादनाची पिढी. १९७० पासून नवी मुंबईसाठी उरण, पनवेल आणि ठाण्याकडच्या ९५ गावांची जमीन सरकारने घेतली. मोबदला तुटपुंजा होता. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरणजवळ जासई आणि नवघर परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले, जे नंतर इतर प्रकल्पांपुढे नमुना म्हणून ठेवले गेले. उरणचे नातेवाईक पेणच्या घराघरांत आहेत. जमीन गेल्यावर पैसा किती दिवस पुरतो, मुलांना खरोखर नोकरी लागते का, भूखंड हातात पडायला किती वर्षे जातात, हे पेणकरांना कुठल्या अहवालातून वाचावे लागले नाही.

विशेष आर्थिक क्षेत्रांचा केंद्रीय कायदा २००५ साली झाला. त्यानुसार उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतल्या ४५ गावांवर महामुंबई सेझ आखले गेले. प्रवर्तक होता रिलायन्स समूह, क्षेत्र सुमारे दहा हजार हेक्टर. जमीन खासगी प्रकल्पासाठी, पण ती घ्यायची १८९४ च्या इंग्रजी अमदानीतल्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्यात मालकाच्या संमतीला जागा नव्हती. होती ती फक्त हरकत नोंदवण्याची सोय. गावागावांत नोटिसा आल्या, तशा हरकतींचे गठ्ठे प्रांत कार्यालयात जाऊ लागले. शेकापचे प्रा. एन. डी. पाटील, सर्वहारा जन आंदोलनाच्या उल्का महाजन, श्रमिक क्रांती संघटनेच्या सुरेखा दळवी, पेणमध्येच काम करणाऱ्या वैशाली पाटील यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आणि गावोगावच्या समित्यांनी हा विरोध बांधला. १४ मार्च २००७ रोजी पश्चिम बंगालमधल्या नंदीग्राम येथे गोळीबारात १४ माणसे मारली गेली. त्यानंतर, एप्रिल २००७ मध्ये, केंद्राने सेझसाठी पाच हजार हेक्टरांची कमाल मर्यादा घातली आणि राज्यांनी सक्तीने जमीन घेऊ नये असे ठरवले. मुंबई ते पेण अंतर दोन तासांचे. नंदीग्रामच्या बातम्या वाचणाऱ्या मंत्रालयाला पेणचे मोर्चे समोर दिसत होते.

तरीही मतदानाचा मुद्दा निघाला तो पाण्यावरून. पेण तालुक्यात भोगावती नदीवर हेटवणे धरण आहे. त्याच्या लाभक्षेत्रात खारपट्टीतली गावे येतात आणि सेझच्या नकाशातली पेणची २२ गावे याच लाभक्षेत्रात होती. सिंचनाखालची जमीन शक्यतो सेझसाठी घेऊ नये, असे सरकारचेच धोरण. सरकारी कागदांत जी जमीन ओलिताची, तीच उद्योगासाठी कशी घेता, हा शेतकऱ्यांचा प्रश्न बिनतोड होता. प्रत्यक्षात धरणाचे पाणी नवी मुंबईकडे वळले होते, पण कालवे अपुरे राहिल्याने खारपट्टीपर्यंत ते पोचलेच नव्हते. दुसऱ्या पिकाची वाट पाहणाऱ्या या गावांना पाण्याआधी संपादनाची नोटीस मिळाली. त्यांचा राग सेझइतकाच या फसवणुकीवर होता, आणि तो न्याय्य होता.

राज्यात तेव्हा विलासराव देशमुखांचे सरकार होते. लाभक्षेत्रातल्या या गावांचे म्हणणे अजमावण्याचे काम रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आले. केंद्रे गावातच लागली, मतदार होते खातेदार. चाचणीला कायद्याचा आधार नव्हता, त्यामुळे निकाल सरकारवर बंधनकारक नव्हता. मतदान करणाऱ्यांनी प्रचंड बहुमताने नकार दिला. सरकारने निकाल लगेच अधिकृतपणे जाहीर केला नाही, पण गावांना तो मतदानाच्या संध्याकाळीच ठाऊक झाला होता. विचारले गेले होते एकेका खातेदाराला, उत्तर मात्र बांधावरच्या सगळ्या गावाने मिळून दिले.

पुढचे काम जुन्या कायद्यानेच केले. १८९४ च्या कायद्यातल्या कलम ११-अ नुसार अंतिम घोषणेनंतर दोन वर्षांत निवाडा झाला नाही, तर संपादन रद्द होते. महामुंबई सेझची ही मुदत २००९ मध्ये संपली आणि प्रक्रिया कोसळली. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत पेणमध्ये काँग्रेसचे रवींद्र पाटील पराभूत झाले आणि शेकापचे धैर्यशील पाटील निवडून आले. पुढे दोघेही भाजपमध्ये गेले.

रोहा तालुका या लढ्यात थोडा उशिरा आला. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायन कारखान्यांचे सांडपाणी आणि कुंडलिकेवर जगणारे कोळी-शेतकरी, हा तिथला जुना प्रश्न. त्यानंतर दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या दिघी बंदर क्षेत्रासाठी रोहा, माणगाव आणि तळा तालुक्यांतल्या गावांना नोटिसा गेल्या. तिथल्या मोर्च्यांतही उल्का महाजन होत्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडी पेणचे उदाहरण होते: आम्हालाही विचारा.

१ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधितांपैकी ८० टक्क्यांची आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्क्यांची संमती त्यात आवश्यक ठरली. पेणला जे एकदा आणि कायद्याबाहेर विचारले गेले, ते आता कायद्यात आले.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाले आणि मुंबई खाडीपलीकडे आली. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (एमएमआरडीए) नवनगर विकास प्राधिकरण नेमण्यात आले. ‘तिसरी मुंबई’ म्हणतात ती हीच. गावांनी पुन्हा हरकती नोंदवल्या आहेत, आणि उधाणाच्या दिवसांत खारपट्टीतली माणसे आजही खांड बांधायला एकत्र उतरतात.