हेडरची एकच फाइल
संकेतस्थळाचा हेडर, मेनू आणि फूटर बहुतेक पानांवर तेच असतात. आरंभीच्या काळात ते प्रत्येक पानात हाताने चिकटवले जात. कचेरीचा फोन नंबर बदलला की सगळी पाने उघडून बसावे लागे. इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या एनसीएसए सर्व्हरने यावर तोड काढली. पानात एक खूण ठेवायची आणि पान पाठवताना सर्व्हरने त्या जागी दुसरी फाइल भरायची. १९९५ मध्ये रासमुस लेर्डोर्फ यांनी पीएचपी या वेब-भाषेची पहिली साधने खुली केली. 

  

दुसरी फाइल भरणाऱ्या पीएचपीच्या ‘इन्क्लूड’ सूचनेत फाइलचे नाव आधीच ठरलेले असण्याची गरज नव्हती; ते व्हेरिएबलमधूनही घेता येई. मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत चालणाऱ्या संकेतस्थळाला ही मोठीच सोय: पत्त्यातला भाषेचा संकेत उचलायचा आणि त्यावरून मेनूची फाइल निवडायची. मेख इथेच होती. पत्ता पाहुण्याच्या हातात असतो, म्हणजे कोणती फाइल उघडायची हेही तोच ठरवू लागला. पत्त्यात चार अक्षरे फिरवून सर्व्हरवरची भलतीच फाइल वाचता येई. सेटिंग ढिले असेल तर परक्या सर्व्हरवरचा कोडही इथे आणून चालवता येई. अपाचे सर्व्हरच्या जुन्या ‘इन्क्लूड फाइल’ सूचनेत वरच्या फोल्डरात शिरायला मुळातच बंदी होती. पीएचपीने ते कुंपण प्रोग्रामरवर सोडले, आणि घाईच्या कामात ते राहून जाई. २००६ मध्ये पीएचपी ५.२ ने परक्या पत्त्यावरून फाइल समाविष्ट करण्यासाठी वेगळे सेटिंग आणले आणि ते मुळातच बंद ठेवले.

स्थानिक फाइलींचा प्रश्न मात्र उरलाच. तो टेम्प्लेट इंजिनांनी बराच आटोक्यात आणला. त्यांपैकी स्मार्टीने पानाची मांडणी पीएचपी कोडपासून वेगळी केली. २००५ मध्ये खुल्या झालेल्या जँगो फ्रेमवर्कने रचनाच उलटी वापरली: मूळ साच्यात मोकळे कप्पे ठेवायचे आणि प्रत्येक पानाने आपले कप्पे भरायचे. २००९ च्या ट्विगमध्ये व्हेरिएबलमधून टेम्प्लेटचे नाव देता येते, पण त्याचा फाइल-लोडर नेमून दिलेल्या फोल्डरांबाहेरचे काही उचलत नाही. जुन्या पीएचपी संकेतस्थळांच्या डागडुजीत आजही साधा उपाय चालतो: पत्त्यातून फक्त ‘मराठी’ किंवा ‘इंग्रजी’ एवढा संकेत घ्यायचा आणि फाइलचे नाव कोडमधल्या ठरीव यादीतून काढायचे.