विनयातील वातपान आणि कन्हानचे घर

बौद्ध वास्तुकलेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा स्तूप, चैत्यगृह आणि शिल्पपट यांच्याकडे जाते. भिक्खू ज्या खोलीत राहत होते, तिच्यात हवा कोठून येत होती, उन्हाळ्यात ती किती तापत होती, तिच्यातील धूर आणि धूळ कोठे जात होती, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. परंतु विनयपिटकाने ते विचारले आहेत. चुल्लवग्गातील सहावा खंधक, सेनासनक्खंधक, हा सर्वस्वी निवासस्थानांविषयी आहे. त्यातील आणि आठव्या वत्तक्खंधकातील नियमांचा विचार आम्ही येथे करणार आहोत आणि त्यांच्या प्रकाशात आजच्या कन्हानमधील घराकडे पाहणार आहोत.

सेनासनक्खंधकाचा प्रारंभ राजगृहात होतो. त्या काळी भिक्खू झाडाखाली, डोंगरकपारीत, स्मशानात, उघड्यावर राहत. राजगृहाच्या श्रेष्ठीने त्यांच्यासाठी निवास बांधण्याची इच्छा प्रकट केली. तथागतांनी विहार, अड्ढयोग, प्रासाद, हम्मिय आणि गुहा अशा पाच प्रकारच्या निवासांना अनुज्ञा दिली, तेव्हा त्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभारले आणि ते चारी दिशांच्या आगत-अनागत संघाला दान दिले.

यापुढील भाग विशेष महत्त्वाचा आहे. निवास बांधून झाले आणि तक्रारी सुरू झाल्या. गवताने शाकारलेले विहार थंडीत थंड आणि उन्हाळ्यात उष्ण होत. यावर उपाय म्हणून छप्पर नीट बांधून आतून-बाहेरून लिंपण्याची अनुज्ञा मिळाली. अशा लिंपणाला विनयात ‘उल्लित्तावलित्त’ म्हटले आहे. विहारांना खिडक्या नव्हत्या. त्यामुळे आत अंधार राही, डोळ्यांना त्रास होई आणि दुर्गंधी साठून राही. यावर तीन प्रकारच्या वातपानांची, म्हणजे खिडक्यांची, अनुज्ञा झाली: वेदिकावातपान, जालवातपान आणि सलाकवातपान. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी समंतपासादिकेत यांचा अर्थ स्पष्ट केला आहे. पहिली खिडकी चैत्याच्या कठड्यासारखी, दुसरी जाळीची आणि तिसरी उभ्या दांड्यांची. पुढे या खिडक्यांतून खारी आणि वटवाघळे आत येऊ लागली, तेव्हा पडद्याची आणि झडपांची सोय झाली. शेकण्याच्या गरम खोलीत, जंताघरात, धूर कोंडू लागला तेव्हा धुराड्याची, ‘धूमनेत्ता’ची, अनुज्ञा मिळाली.

या सर्व नियमांची पद्धत एकच आहे. राहणाऱ्याने त्रास सांगितला, तो ऐकला गेला आणि त्यावर उपाय झाला. शुद्ध हवा ही चैन आहे, विरक्ताला तिची काय गरज, असे म्हणून कोणाची तक्रार फेटाळली गेली नाही.

खिडकी बसवून विनय थांबत नाही. ती केव्हा उघडावी आणि केव्हा बंद करावी हेही त्याने सांगितले आहे. वत्तक्खंधकातील सेनासनवत्तानुसार थंडीच्या दिवसांत खिडक्या दिवसा उघडाव्यात व रात्री बंद कराव्यात. उन्हाळ्यात दिवसा बंद ठेवाव्यात व रात्री उघडाव्यात. ज्या दिशेने धुळीचे वारे येत असतील, त्या दिशेच्या खिडक्या लावून घ्याव्यात. जमीन कच्ची असेल तर पाणी शिंपडून मगच झाडावी, म्हणजे विहारात धूळ उडणार नाही.

विनयात आधुनिक विज्ञान शोधून काढण्याचा आमचा हेतू नाही. परंतु उन्हाळ्याच्या या नियमामागील तत्त्व आज वास्तुशास्त्रात सर्वमान्य आहे. जाड, लिंपलेली भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषते. दिवसभर खिडक्या बंद असल्या म्हणजे बाहेरची तप्त हवा आत येत नाही; रात्री त्या उघडल्या म्हणजे गार वारा भिंतीतील उष्णता काढून नेतो आणि दुसऱ्या दिवशी घर गार राहते. यासाठी इंधन लागत नाही.

हे ज्ञान केवळ मगधापुरते राहिले नाही. विदर्भातील वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथील वाकाटक राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे संघाला दिले. त्याच्या शिलालेखात लेण्याच्या वर्णनात गवाक्षांचा उल्लेख आहे आणि लेण्याच्या दर्शनी भिंतीत दारांच्या जोडीला खिडक्या कोरलेल्या आजही दिसतात. मात्र सत्य सांगायचे तर आतील लहान कोठड्यांना दाराखेरीज दुसरे वातायन नाही. खडकामुळे उष्णतेपासून रक्षण झाले. हवा आणि उजेड यांबाबत कोठडी उणीच राहिली.

आता कन्हानकडे वळू. नागपूर-जबलपूर मार्गावर, कामठीच्या पलीकडे कन्हान नदीच्या काठी हे गाव वसले आहे. परिसरात गोंडेगाव, इंदर, कामठी येथील कोळसा खाणी आहेत. पश्चिमेकडे खापरखेडा आणि कोराडी ही औष्णिक वीज केंद्रे आहेत. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मातीच्या भिंती आणि कवेलूंचे छप्पर जाऊन सिमेंटचा स्लॅब किंवा टिन आले. टिन उन्हाबरोबर लगेच तापते. उघडा स्लॅब दिवसभर उष्णता साठवून ती रात्री घरात सोडतो. मग कूलर लावला जातो. परंतु आत आलेली हवा बाहेर जाण्यासाठी समोरची खिडकी उघडी नसेल, तर दमटपणा साठतो आणि कूलर निरुपयोगी होतो.

उपाय कठीण नाही. केंद्र शासनाच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध केली. नागपूर ज्या संमिश्र हवामानाच्या विभागात येते, तेथे उघडता येणाऱ्या दारे-खिडक्यांचे क्षेत्र घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १२.५ टक्के असावे, असे ती सांगते. म्हणजे ४०० चौरस फुटांच्या घराला ५० चौरस फूट. ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी आखली होती. तथापि हे मोजमाप लहान घरालाही तितकेच उपयोगी आहे.

परंतु येथे एक अडचण उभी राहते, आणि तीच या लेखाचा गाभा आहे. उन्हाळ्यात या भागात वारा प्रामुख्याने पश्चिम आणि वायव्येकडून येतो. रात्री खिडकी उघडावी तर त्याच बाजूने राख आणि कोळशाची धूळ येण्याचे भय असते. बंद ठेवावी तर घर भट्टी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. भारताचे २००९ चे मानक ४० आहे. राखेचा धोका केवळ हवेपुरता नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला, ती राख कोलार नदीतून कन्हान नदीत गेली आणि नागपूरच्या पाणीपुरवठ्यावर त्याचा परिणाम झाला.

या पेचावरही विनयात विचार आहे. छब्बग्गिय भिक्खूंनी एकदा वाऱ्याच्या वरच्या बाजूला अंथरूण-पांघरूण झटकले आणि खालच्या बाजूला चीवर शिवत बसलेले भिक्खू धुळीने माखले. तेव्हा नियम झाला: भिक्खूंच्या जवळ, विहाराजवळ किंवा पिण्याच्या पाण्याजवळ धूळ झटकू नये, वाऱ्याच्या वरच्या बाजूला तर नाहीच, खालच्या बाजूला जाऊन झटकावी. खिडकी उघडण्याचा नियम आणि धूळ झटकण्याचा नियम एकाच वत्तात आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. पहिले कर्तव्य घरात राहणाऱ्याचे, दुसरे धूळ करणाऱ्याचे. दुसरे पाळले गेले नाही तर पहिले पाळणे अशक्य होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा क्षेत्रात गेले आणि खाणी व कामगारांची स्थिती त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. या निधीसाठी कोळशावर उपकर बसवला गेला, आणि त्याच्या उद्देशांत कामगारांच्या घरांचाही समावेश होता. ज्या उद्योगामुळे कामगाराच्या वाट्याला धूळ येते, त्याच उद्योगाने त्याच्या घराचा भार उचलावा, हे तत्त्व त्यात अनुस्यूत आहे. विनयातील त्या नियमाचाच हा आधुनिक आविष्कार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि दोहोंतील न्यायबुद्धी एकच आहे.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच आहे. घर किंवा विहार बांधताना स्लॅबच्या आधी खिडक्यांचा विचार व्हावा. समोरासमोरच्या भिंतींत त्या असाव्यात. त्यांना जाळी असावी. छतावर चुन्याचा पांढरा थर द्यावा. स्वयंपाकघरातील धूर बाहेर जाण्यास वाट असावी. वर्षावासात विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, तेव्हा सेनासनवत्तही वाचले जावे. आणि ज्या दिवशी पश्चिमेची खिडकी धुळीमुळे लावून घ्यावी लागेल, त्या दिवसाची नोंद विहार समितीने वहीत करून ठेवावी. राखेची व्यवस्था ज्यांच्या हाती आहे त्यांच्यासमोर अशी वही ठेवणे, हा तक्रार सांगण्याचा विनयसंमत मार्ग आहे.