मुधोळचं कुत्रं : राजाचं की धनगराचं?

मागच्या बैठकीत सीमाभागावर बोलणं चाललं होतं. एकानं मध्येच विचारलं, ‘‘माणसांचा इतिहास झाला, जनावरांचं काय ओ?’’ त्यावरून हे टिपण.

आपल्या वडगावहून मुधोळ शंभर-सव्वाशे किलोमीटर. गोकाकला धबधबा होऊन पडणारी घटप्रभाच पुढं मुधोळच्या मुलखात जाते. घोरपड्यांचं हे संस्थान १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झालं आणि १९५६ ला बेळगावसारखंच म्हैसूर राज्यात गेलं. राज्य बदललं, कुत्रं तेच राहिलं. महाराष्ट्रात त्याला कारवान म्हणतात, कर्नाटकात मुधोळ.

सडपातळ अंग, खोल छाती, लांब पाय. राजे मालोजीराव घोरपड्यांनी पैदास करवून या जातीचं नाव केलं. इंग्लंडच्या राजाला त्यांनी या कुत्र्यांची जोडी भेट दिली, असं सांगतात. पण राजवाड्यात ही कुत्री आली कुठून? बेडर शिकाऱ्यांकडून, माळावरच्या मेंढपाळांकडून. सशामागं धावणं आणि रात्री मेंढरं राखणं, हीच त्यांची शाळा.

सरकारी चाकरीतली शाळा वेगळी. मुंबई पोलिसांचा झंजीर हा लॅब्राडोर पुण्यात शिकला आणि १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्यानं तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुडकून दिलं. ते काम नाकाचं. एकच वास पुन्हा पुन्हा द्यायचा, सापडला की शाबासकी द्यायची, आणि शिकवणारा हस्तक शक्यतो बदलायचा नाही. मुधोळ मूळचं नजरेवर शिकार करणारं. हललेलं दिसलं की सुटलंच! त्याला थांबायला शिकवणं, हेच अवघड.

तरी २०१६ साली मुधोळची पिल्लं मीरतला लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात शिकायला गेली. देशी जातीला ही नवी वाट होती. त्याआधी २००५ ला हे कुत्रं टपाल तिकिटावरही आलं होतं.

तिकीट निघालं, राजाचं नाव राहिलं. पिढ्यान् पिढ्या आपल्या भाकरीतला तुकडा घालून ही जात ज्यांनी जगवली, त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. ती माणसं आपल्याच आजूबाजूच्या माळांवर आहेत. कुणाच्या घरात अशी आठवण असेल, कुत्र्याचं नाव, त्याला हाक मारायची रीत, शिकवायची पद्धत, तर मंडळाकडं लिहून द्या. मराठीत द्या, कानडीत द्या. म्हातारी माणसं आहेत तोवर हे करायला पाहिजे.