निवासी अकृषिक वापर : पर्यावरणीय मूल्यांकन

शेतजमिनीवर घरे बांधल्याने माती, पाणी व जीवसृष्टीवर होणाऱ्या परिणामांची पूर्वतपासणी. जमीन अकृषिक म्हणजेच ‘एन.ए.’ करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये आहे. पर्यावरणीय मंजुरी मात्र वेगळी. केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने ती २०,००० चौ. मी. किंवा अधिक बांधकामाला लागू केली. ५० हेक्टर किंवा दीड लाख चौ. मी. पासून नगरवसाहतीचा वर्ग सुरू होतो. म्हणजे ५० हेक्टरांखाली मोजले जाते ते बांधकाम, गेलेले रान नव्हे. गुंठ्यागुंठ्याने विकलेले तुकडे या चाळणीतून सहज निसटतात, ही व्यवस्थेची मोठी उणीव.

तपासणीत पाणी निर्णायक ठरते. नांगरलेल्या रानात बांधाशी अडून मुरणारा पाऊस काँक्रीटवरून थेट ओढ्याकडे धावतो. ओढाच बुजवला असेल, तर सोसायटीच्या तळघरात. आसपासच्या विहिरींचे पुनर्भरण घटते, बोअरचा उपसा वाढतो. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून पायासाठी ती उकरून मुरूम भरतात. वरचा सुपीक थर राखून बागेसाठी वापरावा, अशी अट मंजुरीपत्रात घातली जाते. पुण्याच्या मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनीच जमिनी एकत्र करून वसाहत उभारली. मोबदल्याचा प्रश्न त्यामुळे सुटला, मातीचा नाही.