परतीचे तिकीट

मराठी कथेचा इतिहास आपण छापून आलेल्या कथांवरूनच लिहीत आलो आहोत. हरिभाऊ आपट्यांच्या स्फुट गोष्टी, दिवाकर कृष्ण, फडके-खांडेकर, मग गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर आणि पुढे जी. ए. अशी ती परंपरा सांगितली जाते. पण मासिकाच्या कचेरीत येणाऱ्या बाडांपैकी छापली जात ती थोडी. उरलेली ‘साभार परत’ होऊन आल्या वाटेने लेखकाच्या घरी जात. या परतीच्या वाटेचाही एक इतिहास आहे, आणि तो मराठी कथेच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. कथा हाताळली जाऊन परत येत होती, म्हणून ती पुन्हा लिहिली जात होती. ती परत येणे थांबले तसा नकार लेखकाच्या उपयोगाचा राहिला नाही, असे माझे म्हणणे आहे, आणि ते निव्वळ हळहळीपोटी केलेले नाही. परतीच्या या वाटेमागे टपाल, कागद आणि छापखाना यांची साधी व्यवस्था होती.

1854 साली हिंदुस्थानभर टपालाचा एकच दर लागू झाला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते गिरगावातून दादरला जावो की नागपूरला. ही सोय नसती तर तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाला मुंबई-पुण्याच्या संपादकाशी व्यवहार करणे परवडले नसते. मासिकांनी लेखकांना दिलेल्या सूचना पुढे ठरूनच गेल्या: कागदाच्या एकाच बाजूला लिहावे, अक्षर सुवाच्य असावे, डावीकडे समास सोडावा, मजकूर अन्यत्र पाठवलेला नसावा, आणि नापसंत झाल्यास परत हवा असेल तर पुरेशी तिकिटे लावलेले, स्वतःचा पत्ता घातलेले पाकीट सोबत जोडावे. यातली प्रत्येक अट कामातून आलेली आहे. छापखान्यात पाने वेगवेगळ्या खिळे जुळवणाऱ्यांत वाटली जात. पाठपोट लिहिलेले पान दोघांना एकाच वेळी देता येत नसे. समास संपादकाच्या पेन्सिलीसाठी असे. आणि परतीचे तिकीट एवढ्यासाठी, की बहुतेक लेखकांजवळ दुसरी स्वच्छ प्रत नसे. टाकाने किंवा फाउंटन पेनने लिहिताना खाली कार्बन ठेवून उपयोग नसतो, आणि टंकलेखनयंत्र कुणाच्या घरी असणार? पाठवलेले बाड हरवले म्हणजे कच्च्या टिपणांवरून सगळी कथा पुन्हा उतरवणे आले. त्यामुळे ते परत करणे ही संपादकाच्या मर्जीची गोष्ट नव्हती. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात आहे, ती परत केलीच पाहिजे, अशी ती जबाबदारी होती.

सुरुवातीला मात्र नाकारण्यासारखे फारसे काही येतच नव्हते. 1867 मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ निघाले, 1890 मध्ये हरिभाऊंचे ‘करमणूक’. ‘करमणूक’चे रकाने भरण्याचा मोठा भार हरिभाऊंनी स्वतःच उचलला, कादंबऱ्यांची प्रकरणे त्यांची, स्फुट गोष्टीही त्यांच्याच. 1895 साली ‘मासिक मनोरंजन’ काढणाऱ्या काशिनाथ रघुनाथ मित्रांपुढचा प्रश्नही निवडीचा नव्हता, लेखक मिळवण्याचा होता. त्यांनी लिहिते हात शोधले आणि 1909 मध्ये दिवाळी अंक काढून मराठी वाचकाला वर्षातून एकदा भरघोस वाचण्याची सवय लावली. नकाराची रीत रूढ व्हायला लेखक जागेपेक्षा जास्त व्हावे लागतात. ते झाले विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक 1920 साली निघाले आणि दहा वर्षांच्या आत सर्वसाधारण वाचकांचे मासिक होऊन बसले. ‘रत्नाकर’, ‘यशवंत’, ‘स्त्री’ ही त्याच काळातली. 1931 मध्ये ना. सी. फडक्यांचे ‘प्रतिभासाधन’ आले. ललितलेखनाचे तंत्र शिकवणाऱ्या पुस्तकाला वाचक मिळतो, याचा अर्थ शिकू पाहणारे पुष्कळ झाले होते. त्यांच्या कथा कुठेतरी जात होत्या आणि बहुतेक परत येत होत्या.

दिवाळी अंकांनी या व्यवहाराला एक विचित्र वळण दिले, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. वर्षभरातली पुष्कळशी कथा एकाच महिन्यात छापली जाऊ लागली. नामवंतांकडे संपादकाचे निमंत्रण जाई. नवख्याने आपण होऊन पावसाळ्याच्या तोंडाशी कथा पाठवायची. नकार गणपतीनंतर आला तर त्या वर्षी ती कथा दुसरीकडे देण्याची वेळ टळलेली असे. दोन ठिकाणी एकदम पाठवावी तर अटीचा भंग. म्हणजे एका नकारात लेखकाचे अख्खे वर्ष जाई. उत्तराला लागणारा वेळ हा इथे शिष्टाचारापुरता प्रश्न नव्हता. कथेचे आयुष्यच त्यावर ठरत होते. दर महिन्याला कथा छापणाऱ्या मासिकांचे महत्त्व यासाठी, की तिथे बारा संधी होत्या.

अशा मासिकांत ‘सत्यकथा’ सर्वांत विचारपूर्वक चालवलेले. 1933 साली सुरू झालेले हे मासिक श्री. पु. भागवत यांच्या संपादनाखाली आणि पुढे राम पटवर्धनांच्या जोडीने नवकथेचे घर झाले. त्या संपादनाचा विशेष निवडीपेक्षा पत्रव्यवहारात होता. कथा नापसंत पडली तर का पडली, कुठे सैल झाली, शेवट कथेतून आला आहे की वरून चिकटवला आहे, हे लेखकाला कळवले जाई. पुन्हा लिहून पाठवा असे सुचवले जाई. दुसरा खर्डा आला की त्याचेही वाचन त्याच बारकाईने होई. अनेक लेखकांनी याची साक्ष दिली आहे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहात, सभा-संमेलनांपासून दूर. मराठी साहित्यजगाशी त्यांचे नाते मुख्यतः पत्रांचे होते. मराठीच्या मुलखाबाहेर बसून कुणी एवढी कसदार मराठी कथा लिहितो आणि तिला तिचा वाचक भेटतो, यात कर्तृत्व लेखकाचेच. पण टपालाने पाठवलेली कथा ओळखदेख न बघता वाचणारा संपादक पलीकडे असणे, ही त्या कर्तृत्वाला लागणारी जमीन होती. संपादक म्हणजे कथेचा पहिला अनोळखी वाचक. मित्र स्तुती करतात, घरचे गप्प बसतात. अनोळखी माणूस वाचून ‘नाही’ म्हणतो तेव्हाच लेखकाला आपले वाक्य परक्या नजरेने दिसते.

यावर पहिला आक्षेप असा, की हे चित्र गोंडस आहे. बहुसंख्य बाडांना मिळे ती छापील चिठ्ठी, आणि किती बाडे शेवटच्या पानापर्यंत वाचली गेली कुणास ठाऊक. आक्षेप खरा आहे. सविस्तर पत्र हा अपवाद होता, नियम चिठ्ठीचाच. तरीही त्या चिठ्ठीने दोन गोष्टी होत. प्रश्न निकालात निघे आणि प्रत हातात येई. ती पाने घेऊन लेखक दुसऱ्याच दिवशी टेबलाशी बसू शकत होता. वरचे पान मळलेले असे, तेवढे नव्याने लिहून बाकीची कथा तशीच दुसऱ्या मासिकाकडे धाडणारे होते. आणि पहिले पान नव्याने लिहायला घेऊन सगळी कथाच फिरवणारेही होते. स्वतःच्याच अक्षरातली कथा चार महिन्यांनी टपालाने घरी आली की ती परकी वाटू लागते. हे दुरावलेपण चिठ्ठीवर एक ओळही नसताना मिळत असे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. नाकारणारे कोण होते? मुंबई-पुण्याचे, बहुतांशी एका जातीचे, विशिष्ट घडणीची प्रमाण मराठी आणि विशिष्ट प्रकारची कलात्मकता मानणारे. त्यांच्या ‘नाही’मध्ये वाङ्मयीन निर्णय किती आणि परक्या जगाबद्दलचे अज्ञान किती? 1963 साली अशोक शहाणे यांनी ‘मनोहर’मधल्या आपल्या गाजलेल्या लेखात प्रस्थापित मराठी वाङ्मयावर जो हल्ला चढवला, त्यामागे अशीच चीड होती. 1969 मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी केली. त्याच 1963 साली बाबूराव बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला, आणि मराठी कथेने कोणते जग पाहिलेच नव्हते ते उघड झाले. ज्या संपादकाने झोपडपट्टीतले, गावकुसाबाहेरचे जगणे ओळखलेच नाही, त्याने शेवट सैल आहे असे कळवले काय आणि न कळवले काय. हा दोष पत्रे सविस्तर असल्याने पुसला जात नाही, आणि मला तो पुसायचाही नाही.

पण बंडखोरांनी स्वतः काय केले, ते पाहा. पन्नाशीच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि मंडळींनी ‘शब्द’ काढले. मग ‘अथर्व’, ‘असो’, ‘येरू’, ‘वाचा’. पैसा नव्हता, तेव्हा सायक्लोस्टाइलवर भागवले: मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने अक्षर कोरायचे, रूळ फिरवून शाई दाबायची, फुलस्केप कागद एकेक करून ओढायचे, आणि स्टेन्सिल फाटेपर्यंत जेवढ्या निघतील तेवढ्या प्रती. साठच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ उभे केले आणि दलित लेखकांच्या पिढ्यांना ते हक्काचे व्यासपीठ झाले. यांपैकी कुणीही निवड रद्द केली नाही. त्यांनी निवडणाऱ्याची जागा घेतली, कसोटी बदलली. नकार नेमका कुठून येतो आहे, त्याच्यावर नाव आणि पत्ता कुणाचा आहे, हे दिसत होते म्हणून त्याच्याशी भांडता आले. होळी करायला अंक लागतो, आणि अंकाला जबाबदार संपादक लागतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो. नकार पचवून जे लेखक झाले त्यांचीच साक्ष आपल्याकडे आहे. दोन-तीन बाडे परत आल्यावर ज्यांनी पेन खाली ठेवले, त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत. त्यांत बायका किती असतील याचा नुसता विचार करावा. पाकीट घरी येई तेव्हा ते सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या हाती पडे, आणि जाड पाकीट म्हणजे नकार हे सगळ्या घराला कळे. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आले आणि लेखिका कोण यावरून गदारोळ उठला. छापून आल्यावर ही गत, तर परत आल्यावर धीर कुणी द्यायचा? तेव्हा नकाराने लेखक घडतो, असा सरसकट सिद्धांत मी मांडत नाही. तो माणसे मोडतोही. मोडण्याचे प्रमाण कमी कशाने होते, एवढाच प्रश्न पुराव्याच्या आवाक्यात आहे, आणि उत्तर वेळेवर, स्पष्ट आणि शक्य तिथे कारणासह मिळण्याने, असे जुना पत्रव्यवहार सांगतो.

1982 साली ‘सत्यकथा’ बंद पडले. झेरॉक्स गल्लोगल्ली आले, तेव्हा ‘प्रत स्वतःजवळ ठेवावी, अस्वीकृत साहित्य परत पाठवले जाणार नाही’ ही ओळ सूचनांत शिरली. ती रास्तच होती. टपाल महागले होते, कचेऱ्यांत माणसे कमी झाली होती. पण प्रत परत करण्याच्या जबाबदारीला बिलगून उत्तर देण्याची जबाबदारीही गेली. संगणक आणि ई-मेल आल्यावर कथा पाठवायला खर्च उरला नाही, म्हणून येणाऱ्या कथांचा ढीग वाढला. आणि अमुक दिवसांत उत्तर न आल्यास कथा नापसंत समजावी, हा नियम झाला. एवढ्यांना उत्तर देणे अशक्य आहे, असे संपादक सांगतात. सविस्तर पत्राबद्दल ते मान्य करता येईल, ‘नाही’ या एका ओळीबद्दल नाही. ती पाठवायला आता तिकीटही लागत नाही. आज कथा लिहू लागलेल्या मुलीला ऑगस्टमध्ये ती ओळ मिळाली तर दिवाळीआधी तिला आणखी एक दार ठोठावता येते. मौनातून तिला कळत नाही की कथा वाईट होती, की ती कुणी उघडलीच नाही, आणि पुढचा खर्डा यांपैकी कशाच्या आधारे लिहायचा.