पालवणकर बाळू आणि अकरा हजार मतं

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि घरच्यांनी कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. असो.

विषय निघाला तो एका फोनवरून. माझा एक जुना विद्यार्थी, चांगला कबड्डीपटू. राज्याच्या संघातून खेळलेला, आमच्या तालुक्यात पोरंटोरं त्याला बघायला थांबतात एवढं नाव. त्याचा फोन आला, "सर, नगरपरिषदेला उभा राहा म्हणून मागे लागलेत. दोन पक्षांचे लोक येऊन गेले. काय करू?"

मी म्हटलं, "चार दिवस दे." मास्तर माणूस! साध्या प्रश्नालाही गृहपाठ केल्याशिवाय उत्तर देता येत नाही. तर हा त्याच गृहपाठाचा लेख.

खेळाडूंनी राजकारणात यावं का, हा प्रश्न निघाला की आपल्याला आजची नावं आठवतात. सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ राज्यसभेत होता. उपस्थिती कमी म्हणून टीका झाली. डिसेंबर २०१७ मध्ये तो खेळण्याच्या हक्कावर बोलायला उभा राहिला, तर गोंधळात त्याला बोलताच आलं नाही. टायगर पतौडी १९७१ मध्ये आणि पुन्हा १९९१ मध्ये लोकसभेला उभे राहिले, दोन्ही वेळा पडले. शेजारी इम्रान खान १९९६ मध्ये पक्ष काढून २०१८ मध्ये पंतप्रधान झाले आणि २०२२ मध्ये अविश्वास ठरावाने गेले. पण या सगळ्यांच्या कितीतरी आधी आपल्याच मुंबईत एक निवडणूक झाली होती. मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला आणि तिचा उल्लेख एकदाही केला नाही. कारण मला ती माहीतच नव्हती. रामचंद्र गुहा यांचं भारतीय क्रिकेटच्या इतिहासावरचं पुस्तक २००२ मध्ये आलं. निवृत्तीनंतर ते हाती पडलं, तेव्हा मला पालवणकर बाळू कळले.

बाळूंचा जन्म १८७६ चा. जात चांभार, वडील लष्कराच्या नोकरीत. पोरगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात लागला. काम काय, तर खेळपट्टी झाडणं, रोलर फिरवणं, जाळी लावणं. पगार महिना चार रुपये. पुढे साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायचं कामही त्याच्याकडे आलं. डावखुरा, संथ फिरकी टाकणारा. तासन् तास गोलंदाजी केली, पण त्या क्लबात त्याच्या हातात बॅट काही कुणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं आणि त्यासाठी बाळू हवा होता. बराच वाद होऊन त्याला घेतलं. चेंडू एकच, त्याला सगळ्यांचा हात लागायचा, ते चालायचं. पण चहाच्या वेळी बाकीचे तंबूत आणि बाळू बाहेर, त्याचा चहा मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताटही वेगळं. म्हणजे विकेट चालतात, कप चालत नाही!

पुढे प्लेगच्या साथीनंतर बाळू मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी मुंबईत युरोपियन संघाला हरवलं, त्यात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही होते. चहाच्या कपाची शिवाशिव तोवर सैल झाली होती. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. वय पस्तीस! परत आल्यावर मुंबईत सत्कार झाले. दलित समाजातून वर आलेला, साऱ्या देशाने नाव घेतलेला हा पहिला खेळाडू. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांचा फार अभिमान होता, असं अभ्यासक लिहितात.

पण कप्तानपद? ते मात्र कधीच मिळालं नाही. वर्षामागून वर्षं गेली, त्यांच्याहून धाकटे, त्यांच्याहून कमी बळी घेतलेले कप्तान झाले. १९२० मध्ये शिवराम आणि विठ्ठल या भावांनी याच कारणावरून संघातून अंग काढून घेतलं. तेव्हा कुठे बाळूंना उपकप्तान केलं गेलं. धाकटे विठ्ठल पुढे १९२३ मध्ये कप्तान झाले. बाळू झाले नाहीत.

आता राजकारण. १९३२ साली ब्रिटिशांनी अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींनी येरवड्याला उपोषण सुरू केलं आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघाऐवजी १४८ राखीव जागा, मतदान मात्र सगळ्यांचं एकत्र. हा धडा मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेन! त्या करारावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे, हे मात्र मी एकाही वर्गाला सांगितलं नाही.

बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तीही त्यांना पटली नाही. त्याआधी हिंदुमहासभेच्या तिकिटावर मुंबई महापालिकेची एक निवडणूक लढवून ते हरले होते. आणि मग आली १९३७ ची प्रांतिक निवडणूक. मुंबईच्या राखीव जागेवर डॉ. आंबेडकर आपल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे. काँग्रेसने त्यांच्यासमोर कुणाला उभं केलं? साठीच्या घरातल्या बाळूंना. निकाल लागला तो असा : आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. फरक २,०२० मतांचा.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. तुमच्यापैकी कुणी म्हणेल, बाळू वापरले गेले. कुणी त्याहून कडक शब्द वापरेल. मला एवढं सोपं वाटत नाही. बाळूंनी जे पाहिलं होतं त्यावरूनच त्यांचं मत बनलं असणार. एकाच संघात खेळता खेळता तंबूबाहेरचा चहा आत आला, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. बरोबर राहिलं, गुण दाखवला, की हळूहळू दार उघडतं, असं ज्याला वाटतं त्याला स्वतंत्र मतदारसंघ म्हणजे पुन्हा वेगळा कपच वाटणार. यात लबाडी नाही.

पण त्यांच्याच आयुष्यात दुसरीही बाजू होती. विकेट धावफलकावर दिसते, तिला जात लावता येत नाही. कप्तान मात्र बंद खोलीत ठरतो आणि तिथे ११४ बळी कामी येत नाहीत. बाबासाहेबांचं म्हणणं हेच तर होतं की एकाला दार उघडलं म्हणजे वाडा सगळ्यांचा झाला असं नाही, निर्णय जिथे होतात त्या खोलीत आपल्या हक्काची जागा पाहिजे. बाळूंच्या विकेट बाळूंच्या बाजूने बोलतात आणि त्यांचं न मिळालेलं कप्तानपद बाबासाहेबांच्या बाजूने.

इथे एक गोष्ट कबूल करतो. कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, १९७० च्या दशकात, शाळेच्या क्रिकेट संघाचं काम माझ्याकडे होतं. संघातला सर्वांत हुशार गोलंदाज गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. खेळ समजायचा तो त्यालाच. पण कप्तान मी केला गावातल्या एका प्रतिष्ठित घरातल्या मुलाला. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. कुणी दबाव आणला नव्हता. मला ते आपोआप सुचलं, हेच वाईट. त्या मुलाने एक शब्द काढला नाही. सामना त्यानेच जिंकून दिला आणि ढाल दुसऱ्याने घेतली. बाळूंबद्दल वाचताना मला त्या पोराचा चेहरा आठवला.

दुसरं उदाहरण जयपाल सिंग मुंडांचं. छोटा नागपूरचा आदिवासी मुलगा ऑक्सफर्डला शिकला आणि १९२८ मध्ये अॅमस्टरडॅम ऑलिंपिकला भारताच्या हॉकी संघाचा कप्तान झाला. आपलं हॉकीचं पहिलं सुवर्णपदक त्या वेळचं. मतभेदांमुळे ते अंतिम सामना मात्र खेळले नाहीत. १९३९ मध्ये त्यांनी आदिवासी महासभेचं अध्यक्षपद घेतलं. पुढे ते घटना समितीत गेले आणि आपण जंगली म्हणवतो, याचा अभिमान आहे, अशा अर्थाचं भाषण डिसेंबर १९४६ मध्ये त्यांनी केलं. १९५२ च्या निवडणुकीत त्यांच्या झारखंड पक्षाने बिहार विधानसभेत तीसहून जास्त जागा जिंकल्या. १९६३ मध्ये मात्र त्यांनी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला आणि पुष्कळ जुने सोबती दुखावले. झारखंड राज्य झालं ते २००० साली, जयपाल सिंगांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी.

दोघेही मोठे खेळाडू, दोघांच्याही पाठीशी उपेक्षित समाज. पण जयपाल सिंगांनी मागणी स्वतः मांडली, संघटना बांधली, हॉकीचं नाव त्या मागणीच्या कामी लावलं. बाळूंच्या बाबतीत उलटं झालं. मत त्यांचं स्वतःचं होतं, पण तिकीट, जागा आणि समोरचा उमेदवार हे दुसऱ्यांनी ठरवलं. ज्या माणसाला संघाने कधी कप्तान केलं नाही, त्याला पक्षानेही खेळाडू म्हणूनच उतरवलं. क्षेत्ररचना पुन्हा दुसऱ्याचीच.

म्हणून मला वाटतं, खेळाडूंनी राजकारणात यावं की नाही हा प्रश्नच अर्धा आहे. का येऊ नये? वकील येतात, कारखानदार येतात, आम्ही मास्तरसुद्धा येतो. उलट खेळाडूला हरायची सवय असते, जी पुढाऱ्यांना नसते! खरा प्रश्न असा, की तो स्वतःचं काही म्हणणं घेऊन येतो आहे की दुसऱ्याच्या म्हणण्याला स्वतःचा चेहरा देतो आहे?

चौथ्या दिवशी मी त्या विद्यार्थ्याला फोन केला. बाळूंची गोष्ट सांगितली, ती अकरा हजार मतंही सांगितली. म्हटलं, "बाबा, हो म्हणण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचार. हाच वॉर्ड का? समोर कोण आहे, आणि त्याला पाडायलाच मी हवा आहे का? आणि निवडून आल्यावर पाण्याच्या लाइनीबद्दल मी पक्षाच्या विरुद्ध बोललो तर चालेल का?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, समोर आमच्याच गल्लीतल्या ताई आहेत. दहा वर्षं झाली, पाण्यासाठी त्याच भांडतात."

मी काही बोललो नाही. उत्तर त्याचं त्याला सापडू दे. वर्गातही मी असंच करायचो.

बाळू १९५५ मध्ये गेले. तुमच्या घरात कुणी जुनं माणूस असेल, ज्याने १९३७ च्या त्या निवडणुकीच्या गोष्टी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील, तर विचारून बघा आणि मला जरूर कळवा. आणि माझ्या त्या संघातला गोलंदाज, आज त्याचंही वय साठीच्या पुढे असेल, तो कुठे असतो हे कुणाला ठाऊक असेल तर तेही कळवा. त्याच्याशी दोन शब्द बोलायचे राहिलेत.