बेडफर्ड कालव्यावरची पैज

इंग्लंडच्या पूर्व भागात, केंब्रिजशायर आणि नॉरफोक परगण्यांत, ‘फेन्स’ नावाचा सखल, दलदलीचा मुलूख आहे. तिथले पाणी काढून जमीन लागवडीखाली आणण्याचे मोठे काम सतराव्या शतकात बेडफर्डच्या अर्लने अंगावर घेतले. डच अभियंता कॉर्नेलियस व्हर्मायडन त्याच्या मदतीला होता. या कामातून १६३७ साली ‘ओल्ड बेडफर्ड रिव्हर’ तयार झाली. नावात नदी असली तरी हा सुमारे २१ मैल लांबीचा, माणसांनी खणलेला कालवा आहे. वेल्नी गावाजवळचा त्याचा सहा मैलांचा तुकडा अगदी सरळ आहे आणि पाणी संथ आहे. पाण्याचा पृष्ठभाग सपाट आहे की पृथ्वीबरोबर वळतो, हे प्रत्यक्ष पाहून ठरवू इच्छिणाऱ्यांना एकोणिसाव्या शतकात याहून सोयीची जागा मिळाली नसती.

पृथ्वी गोल असल्याचा निर्वाळा सुशिक्षितांच्या जगात फार पूर्वीच झाला होता. चंद्रग्रहणात चंद्रावर पडणारी पृथ्वीची गोल सावली ॲरिस्टॉटलने पुराव्यादाखल सांगितली होती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने सावल्यांच्या कोनावरून पृथ्वीचा परीघही काढला होता. जहाजांनी पृथ्वीला फेऱ्या घातल्यालाही तीन शतके उलटली होती. तरीही बायबलचा अक्षरशः अर्थ लावणाऱ्या काही मंडळींना हे पुरावे मान्य नव्हते. पुस्तकी गणित बाजूला ठेवावे आणि डोळ्यांना दिसेल तेवढेच खरे मानावे, असा त्यांचा आग्रह होता. या मताचा सर्वांत प्रभावी प्रचारक म्हणजे सॅम्युएल बर्ली रोबॉथम.

रोबॉथमने १८३८ साली या कालव्यात उतरून निरीक्षण केले. डोळे पाण्यापासून केवळ आठ इंच उंचीवर ठेवून त्याने दूर जाणाऱ्या एका होडीकडे पाहिले. होडीवरचे निशाण पाण्यापासून पाच फूट उंच होते. सहा मैल जाईपर्यंत ते सतत दिसत होते, असे त्याने नोंदवले. पृथ्वीच्या ज्ञात आकारमानानुसार पाण्याचा पृष्ठभाग पहिल्या मैलाला आठ इंच खाली वळतो आणि पुढे हे प्रमाण अंतराच्या वर्गाने वाढत जाते. आठ इंच उंचीवरच्या डोळ्याला क्षितिज एक मैलावर लागते. उरलेल्या पाच मैलांत पाणी दृष्टिरेषेच्या सुमारे १६ फूट ८ इंच खाली जायला हवे. म्हणजे निशाणाचा माथा ११ फुटांहून अधिक खाली दडायला हवा होता. तो दडला नाही, यावरून रोबॉथमने पृथ्वी सपाट असल्याचा निष्कर्ष काढला. १८४९ मध्ये त्याने ‘पॅरॅलॅक्स’ या टोपणनावाने एक पुस्तिका काढली. पुढे तिचे मोठे पुस्तक झाले आणि त्याची व्याख्याने गावोगाव होऊ लागली.

रोबॉथमला निशाण दिसले हे अशक्य नाही. चूक होती ती प्रकाश सरळ रेषेतच आला असे गृहीत धरण्यात. हवेच्या थरांची घनता सारखी नसते, त्यामुळे त्यांतून येणारा किरण किंचित वाकतो. यालाच वातावरणातील अपवर्तन म्हणतात. एरवी उंचीबरोबर हवा थंड होत जाते आणि किरण पृथ्वीच्या गोलाईच्या साधारण सातव्या हिश्शाइतकाच वाकतो. परंतु थंड पाण्यावर वरची हवा अधिक उबदार असेल तर चित्र पालटते. दर मीटरमागे तापमान सुमारे ०.११ अंश सेल्सिअसने वाढत असेल, तर किरण जवळजवळ पृथ्वीइतकाच वळतो आणि गोल पृष्ठभाग सपाट भासतो. पाण्यालगतच्या थरात असा फरक सहज पडू शकतो. रोबॉथमने पाहण्यासाठी नेमका तोच थर निवडला होता.

जानेवारी १८७० मध्ये जॉन हॅम्डन या रोबॉथमच्या अनुयायाने जाहीर पैज लावली. नदी, कालवा किंवा तलाव यांच्या पाण्याला गोलाई आहे हे सिद्ध करून दाखवणाऱ्याला तो ५०० पौंड द्यायला तयार होता. आल्फ्रेड रसेल वॉलेसने ही पैज स्वीकारली. नैसर्गिक निवडीचे तत्त्व डार्विनबरोबर मांडणारा निसर्गशास्त्रज्ञ म्हणून वॉलेस प्रसिद्ध असला, तरी तरुणपणी त्याने थोरल्या भावाच्या हाताखाली जमीन मोजणीचे काम केले होते. भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलचा सल्लाही त्याने घेतला. डोळ्यांनी दिसणारा पुरावा मिळाला की हे लोक गप्प बसतील, या आशेने लायेलने होकार दिला. दोन्ही पक्षांनी ५००-५०० पौंड ‘द फील्ड’ या साप्ताहिकाचे संपादक जॉन हेन्री वॉल्श यांच्याकडे ठेवले.

५ मार्च १८७० रोजी वॉलेसने केलेली मांडणी मोजणीदाराच्या शिस्तीची होती. वेल्नी पुलाचा लोखंडी कठडा पाण्यापासून १३ फूट ३ इंच उंच होता. त्यावर त्याने मोठी दुर्बीण ठेवली. सहा मैलांवरच्या ओल्ड बेडफर्ड पुलावर मधोमध काळा पट्टा असलेले पांढरे कापड त्याच उंचीवर बांधले. दोन्ही पुलांच्या मध्यावर, तीन मैलांवर, एक उंच खांब उभा केला. त्यावर दोन तांबड्या तबकड्या होत्या. वरची दुर्बीण आणि काळा पट्टा यांच्याच उंचीवर होती, तर दुसरी तिच्याखाली चार फुटांवर. पाणी सपाट असते तर वरची तबकडी आणि काळा पट्टा एका रेषेत दिसले असते. पाणी गोल असेल तर मधली तबकडी उचललेली दिसायला हवी होती. गणिताप्रमाणे हा फरक सहा फुटांच्या आसपास येत होता, आणि अपवर्तनामुळे तो पाच फुटांच्या जवळ येईल असा वॉलेसचा अंदाज होता.

या मांडणीचे बळ दोन गोष्टींत होते. एक म्हणजे दृष्टिरेषा पाण्याला चिकटलेल्या फसव्या थरापासून बरीच वर होती. दुसरी म्हणजे दूरची वस्तू दिसते की नाही, हा प्रश्नच तिने बाजूला सारला आणि समान उंचीच्या तीन खुणा एका रेषेत आहेत का, एवढेच विचारले.

दुर्बिणीतून वरची तबकडी काळ्या पट्ट्याच्या बरीच वर दिसली. वॉलेसच्या बाजूचे पंच कूल्चर हे डॉक्टर होते, तर हॅम्डनच्या बाजूचा पंच विल्यम कार्पेंटर स्वतः सपाट पृथ्वीचा पुरस्कर्ता होता. दोघांनी जे दिसले त्याची चित्रे काढली आणि ती जुळली. मतभेद झाला तो अर्थावर. वरची तबकडी, खालची तबकडी आणि काळा पट्टा एकाखाली एक सारख्या अंतराने दिसतात, म्हणून पाणी सपाट आहे, असे कार्पेंटर म्हणाला. पाणसळ लावलेल्या दुर्बिणीतून पाहिल्यावरही त्याने तसाच अर्थ लावला. हॅम्डनने तर दुर्बिणीला डोळा लावायलाही नकार दिला. अखेर वॉल्श यांनी चित्रे तपासून वॉलेसच्या बाजूने निकाल दिला आणि रक्कम त्याच्या हवाली केली.

वाद तिथे संपला नाही. हॅम्डनने वॉलेसवर लबाडीचे आरोप करणारी पत्रे त्याच्या ओळखीच्यांना, संस्थांना, अगदी त्याच्या पत्नीलाही पाठवली. या बदनामीसाठी त्याला तुरुंगातही जावे लागले. दुसरीकडे कायद्याने हॅम्डनला हात दिला. पैजेचा करार न्यायालयात टिकत नाही आणि रक्कम देऊन टाकण्याआधीच हॅम्डनने ती परत मागितली होती, म्हणून १८७६ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. पृथ्वीच्या आकाराशी या निकालाचा काही संबंध नव्हता, पण पैसे वॉलेसला परत करावे लागले. या प्रकरणाचा मनस्ताप त्याला जवळजवळ पंधरा वर्षे पुरला.

कालव्यावरचे प्रयोग पुढेही होत राहिले. १९०१ मध्ये केंब्रिज विद्यापीठात भूगोल शिकवणारे हेन्री यूल ओल्डहॅम यांनी समान उंचीच्या खुणा लावून वॉलेसचा प्रयोग पुन्हा केला. मधली खूण सुमारे सहा फूट वर दिसली. १९०४ मध्ये लेडी ब्लाउंट या सपाट पृथ्वीवादी बाईंनी पाण्यालगत कॅमेरा ठेवून सहा मैलांवरच्या पांढऱ्या कापडाचे छायाचित्र काढवले आणि आपले मत सिद्ध झाल्याचे जाहीर केले. रोबॉथमप्रमाणेच त्यांचा कॅमेराही फसव्या थरात होता. असेच प्रयोग इतरत्रही झाले होते: अमेरिकेत १८९७ साली सायरस टीडच्या पंथाने फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर लांबलचक लाकडी चौकटी जोडून रेषा आखली आणि पृथ्वी आतून पोकळ असून माणसे तिच्या अंतर्गोल पृष्ठभागावर राहतात, असा निष्कर्ष काढला.

मोजणीच्या व्यवहारात हा प्रश्न रोजच्या शिस्तीने सोडवला जातो. दोन ठिकाणांच्या उंचीतला फरक काढताना मोजणीदार पातळी मोजण्याची दुर्बीण शक्यतो दोहोंच्या मधोमध उभी करतो. मागचे आणि पुढचे अंतर सारखे असले की पृथ्वीची गोलाई आणि हवेतले अपवर्तन दोन्ही बाजूंना जवळपास सारखी चूक घालतात आणि वजाबाकीत ती निघून जाते. नदी किंवा दरी ओलांडताना मधोमध उभे राहणे शक्य नसते. तेव्हा दोन्ही काठांवरून एकमेकांकडे पाहून वाचने घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. कालवे, रेल्वेमार्ग आणि धरणे याच रीतीने आखली जातात, आणि तिथे पृथ्वीची गोलाई ही वादाची बाब नसून हिशेबात धरायची दुरुस्ती असते.